मैल शून्य ते मैल बासष्ट

१७ ऑगस्ट

ठरलं. अमेरिकेतल्या कंबरलंड ते कॉन्फ्लुअन्स, सायकलने, ६२ मैल, म्हणजे किलोमीटरमध्ये शंभर. सामानासकट, एका दिवसाच्या उजेडात. मी आणि मामा.

ग्रेट ॲलेगेनी पॅसेज हा सगळा मार्ग १५० मैलांचा. मेरीलँडमधल्या कंबरलंडला मैल शून्य, पिट्सबर्गला शेवट. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उचलले आणि त्या जागी चुनखडीचा बारीक चुरा दाबून सायकलींसाठी वाट केली. पहिला तुकडा १९८६ साली ओहायोपाइलला खुला झाला, सलग मार्ग पूर्ण व्हायला २०१३ उजाडलं. आमच्या वाट्याचा तुकडा वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा. १९१२ मध्ये सुरू झालेली आणि १९७५ मध्ये बंद पडलेली लाइन.

पिट्सबर्गहून निघालं तर माथ्यापर्यंतचा चढ सव्वाशे मैलांवर पसरतो. कंबरलंडहून तोच माथा चोवीस मैलांत गाठावा लागतो. मी सोपी बाजू सुचवली होती. मामांनी नकाशा उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "अगं, घाट बघायचा तर इंजिन ज्या बाजूने धापा टाकतं, त्या बाजूने बघायचा."

मामांची सगळी नोकरी रेल्वेच्या पी-वे खात्यात, म्हणजे रुळांच्या देखभालीत गेली, त्यातली बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात. वय ६३. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेत आणि नातवाला शाळेत सोडून आल्यावर दिवसभर काय करायचं हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. रोज दहा-बारा मैल सायकल मारतात. दमाची काळजी त्यांची नाही, माझी आहे.

२४ ऑगस्ट

सायकलींची कामं. माझी स्टीलची जुनी टूरिंग सायकल, मामांसाठी मामेबहिणीच्या नवऱ्याची हायब्रिड. हायब्रिडला पाठीमागे कॅरिअर नव्हता. नवा आणून बसवला, खाली दोन बोल्ट, वर दोन.

दोन्ही सायकलींना ३८ मिलिमीटरचे टायर घातले. याहून बारीक टायर पावसानंतर चुऱ्यात रुततो. हवा बाजूला छापलेल्या कमाल आकड्याच्या बरीच खाली ठेवायची, म्हणजे हातांना थरथर कमी.

चेनला नेहमीचं तेल घातलं तर ही चुनखडीची पिठी तिला चिकटते आणि पन्नास मैलांत राखाडी लुगदी तयार होते. म्हणून जुनं तेल पूर्ण धुऊन काढलं आणि मेणाचं वंगण लावलं. हे काम कंटाळवाणं आहे. दोन चेन, चार तास, एक टूथब्रश कायमचा गेला.

७ सप्टेंबर

हिशोब. कंबरलंड समुद्रसपाटीपासून साधारण ६०० फुटांवर. माथा, म्हणजे ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, पूर्वेचं आणि पश्चिमेचं पाणी वेगळं करणारी डोंगररेषा, २,३९२ फूट. जवळपास १,८०० फुटांची चढाई २४ मैलांत. सरासरी काढली तर दीड टक्क्याच्या आत येते, आणि जिथे सगळ्यात तीव्र आहे तिथेही पावणेदोन टक्केच.

मामांना टक्केवारी सांगितली की ते मनातल्या मनात भागाकार करतात. "पावणेदोन म्हणजे एकास सत्तावन्न, सत्तावन्न फूट पुढे गेलं की एक फूट वर. आमचा बोरघाट एकास सदतीस." एवढं बोलून त्यांनी चहा प्यायला. परीक्षा अर्धी पास झाल्यासारखा चेहरा.

माझं, सायकलचं आणि सामानाचं मिळून वजन ९८ किलो भरलं. शंभर धरते. शंभर किलो ५४५ मीटर वर न्यायचे म्हणजे सुमारे ५३५ किलोज्यूल काम. शरीर खाल्लेल्यातला जेमतेम पाव भाग पायांपर्यंत पोचवतं, म्हणजे लागणार चौपट; पण एक कॅलरी म्हणजे सुमारे चार किलोज्यूल, त्यामुळे आकडा फिरून तेवढाच, पाचशे-सव्वापाचशे कॅलरी नुसत्या उंचीपायी खर्च होणार. दशम्यांच्या भाषेत फार नाही.

वेळापत्रक: चढ २४ मैल, ताशी ८ मैलांनी ३ तास. उतार ३८ मैल, ताशी १३ मैलांनी ३ तास. थांबे २ तास. पावणेआठला निघालो की पावणेचारला कॉन्फ्लुअन्स. सूर्यास्त साडेसहानंतर. भरपूर वेळ हाताशी.

२१ सप्टेंबर

चाचणी. वेस्ट न्यूटनपासून कॉनल्सव्हिलच्या दिशेने २० मैल गेलो आणि परतलो. इथे मार्ग यॉकागेनी नदीच्या काठाने जातो आणि जवळजवळ सपाट आहे. (या नदीचं इंग्रजी स्पेलिंग वाचून नाव उच्चारायला जाऊ नये. मी पहिलं वर्षभर चुकीचंच म्हणत होते आणि कुणी सुधारलंही नाही.) सरासरी ताशी साडेअकरा मैल, मामा पूर्ण वेळ पुढे.

सपाटीवर साडेअकरा, मग उतारावर तेरा नक्कीच, असं वहीत लिहून ठेवलंय. वेळापत्रक तेच ठेवते.

११ ऑक्टोबर

शेवटची तपासणी. ब्रेक पॅड ठीक. स्पोक वाजवून पाहिले, एकसारखा आवाज. दिवे चार्ज केले; बोर्डन बोगद्यात आणि पुढे पिंकर्टनला अंधार असतो. बिग सॅव्हेज बोगदा डिसेंबर ते एप्रिल दारं लावून बंद ठेवतात, म्हणजे आत झिरपणारं पाणी गोठून अस्तर फोडत नाही. आपण ऑक्टोबरात जातोय, तो उघडा आहे.

राहिलेलं: कॅरिअरच्या बोल्टना थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायचा गोंद. बाटली सापडली, पण आतलं सगळं वाळून गेलंय. पाना लावून घट्ट केलेत. चालेल.

१४ ऑक्टोबर, प्रत्यक्ष दिवस

सकाळी ७:५०. मैल शून्य. मामेबहिणीने काल रात्रीच मोटारीने आणून सोडलं होतं, मुक्काम गावात. तापमान पाच अंश. मामांनी कानटोपीवर हेल्मेट घातलंय आणि ते नीट बसत नाहीये, पण त्यावर चर्चा बंद आहे. इथेच दुसरी वाटही संपते, पोटोमॅक नदीच्या काठाने वॉशिंग्टनहून आलेली जुन्या कालव्याची, १८४.५ मैलांची. पुढच्या वर्षी दोन्ही जोडून करायचा विचार आहे. आजचा दिवस त्याचीच तालीम.

८:३५. नॅरोज नावाच्या खिंडीतून बाहेर पडलो. इथपासून फ्रॉस्टबर्गपर्यंत सायकलची वाट एकटी नाही, शेजारी रूळ जिवंत आहेत. पर्यटकांसाठीची गाडी त्यावरून चालते. मामांचं लक्ष समोर कमी आणि रुळांकडे जास्त. हेल्मस्टेटरच्या वळणावर, जिथे लाइन घोड्याच्या नालेसारखी वळते, तिथे उतरलेच. गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत पाहिलं. "वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच घेतलाय बघ. छान ठेवलंय."

चढ लागलाय, पण डोळ्यांना तो दिसत नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे. रस्त्यावरचा चढ समोर उभा राहतो, आपण त्याला शिव्या देतो, तो संपतो. इथे समोर सपाट वाट आहे, झाडं सरळ उभी आहेत, आणि तरी गिअर एक-एक करत खाली येतोय. आधी वाटलं ब्रेक घासतोय. उतरून चाक फिरवून पाहिलं. चाक मजेत फिरत होतं.

९:२०. ब्रश बोगदा, ९१४ फूट. रूळ आणि सायकल दोन्ही एकाच बोगद्यातून. गाडी आत असेल तर आपण बाहेर थांबायचं. आज गाडी नाही. आत जुन्या धुराची काजळी छताला अजून आहे. मामांनी हात लावून बोट काळं करून घेतलं आणि वासही घेतला.

१०:२५. फ्रॉस्टबर्गच्या खाली, मैल १६ च्या आसपास. गाव वर डोंगरावर आहे, नागमोडी वाटेने चढून जावं लागतं. गेलो नाही. दशमी आणि केळं. इथे शेजारचे रूळ संपले आणि मामा थोडे गप्प झाले. आतापर्यंतचा वेग ताशी ७ मैलांच्या जरा वर. ठरवलेल्या आठपेक्षा कमी, पण फार नाही. पायांना खरं तर त्रास नाही. नाडी एकसारखी, श्वास एकसारखा, तासन्‌तास तेच. इंजिनासाठी आखलेला चढ असाच असणार. शेगडीत किती कोळसा टाकायचा हे एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच प्रमाण. मध्ये खडी चढण आणि मग सपाटी असं इंजिनाला परवडत नाही, कारण जिथे सगळ्यात तीव्र चढ, त्यावरून गाडीला किती डबे जोडायचे ते ठरतं. म्हणून डोंगर कापला, दरी भरली, आणि चढ सारखा वाटून टाकला. आपण त्या वाटणीवर चाललोय.

१०:५५. बोर्डन बोगदा, ९५७ फूट, १९११ चा. दिवे नाहीत. मध्यावर दोन्ही तोंडं दिसतात पण चाकाखालचं काही दिसत नाही. माझा दिवा पुरला, मामांचा मिणमिणता. पुढच्या खेपेला त्यांना चांगला दिवा.

११:२०. मेसन-डिक्सन रेषा. चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांनी १७६३ ते १७६७ या काळात आखलेली मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनियाची हद्द. वाटेवर दगड मांडून रेषा दाखवलीय. फोटो. एक चाक इकडे, एक तिकडे, सगळे काढतात तसाच.

११:४०. बिग सॅव्हेजच्या तोंडाशी. अलीकडे दरीचा देखावा उघडतो. निळसर डोंगरांच्या एकामागे एक रांगा आणि जवळच्या उतारावर मेपल लाल-पिवळे. पंधरा मिनिटं बसलो. आजच्या दिवसात सगळ्यात सुंदर जागा कोणती विचारलं तर हीच, आणि माझ्याकडे तिच्याबद्दल लिहायला सगळ्यात कमी आहे.

बोगदा मात्र वेगळीच गोष्ट. ३,२९४ फूट, म्हणजे एक किलोमीटर. आत दिवे आहेत. शिरताच थंड वारा तोंडावर आला, बाहेरच्यापेक्षा थंड. मामा मध्येच उतरले. भिंतीच्या तळाशी पाणी वाहायला चर होता, त्याच्या कडेने चालत राहिले. "बघ, पाणी वाहतंय. साचत नाही. बोगद्याला दुसरं काही नको, पाण्याला वाट द्या. पाणी अडलं की अस्तर गेलं समज." मग डोंगराच्या पोटात, दिव्याखाली उभं राहून त्यांनी घाटातल्या एका पावसाळ्याची गोष्ट सांगितली. ती त्यांची आहे, इथे लिहीत नाही. पाठीमागून आलेल्या दोन सायकलस्वारांनी काही बिघडलंय का म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले.

१२:२५. माथा. २,३९२ फूट. रस्त्याखालून जाणाऱ्या छोट्या भुयारात सगळ्या मार्गाची उंची रेखाटली आहे. डावीकडे कंबरलंडचा उभा उतार, उजवीकडे पिट्सबर्गपर्यंत लांबच लांब निवांत रेघ. इथून पूर्वेला पडलेला थेंब पोटोमॅकमधून अटलांटिकला जातो. पश्चिमेला पडलेला कॅसलमन, यॉकागेनी, मोनॉन्गहेला, ओहायो, मिसिसिपी असा फिरत मेक्सिकोच्या आखाताला. मामांनी बाटलीतलं थोडं पाणी दोन्ही बाजूंना ओतलं. मी हसले. ते हसले नाहीत.

चार तास पस्तीस मिनिटं झाली, थांबे धरून. वेळापत्रकाच्या पाऊण तास मागे. पण आता उतार.

१:३५. मेयर्सडेल, मैल ३२. उतारावर पहिले काही मैल खरंच मजा आली, पायडल न मारता थोडं-थोडं घसरत होतो. कीस्टोन व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा उंच पूल, ओलांडला. खालून चालू लाइनचे रूळ जातात. त्याशिवाय बोलमन पूल, १८७१ चा लोखंडी सांगाडा. वेंडेल बोलमनच्या कारखान्यातला. मूळ रेल्वेवरचा, मग शेतरस्त्यावर नेलेला, आणि २००७ मध्ये उचलून इथे आणून ठेवलेला. लांबीने किरकोळ, पण मामांनी खालून-वरून बघायला दहा मिनिटं घेतली. रिव्हेट मोजले असावेत.

जुन्या स्टेशनात संग्रहालय आहे. आत डोकावलो, पाणी भरलं, उरलेल्या दशम्या संपवल्या. हे गाव मेपलच्या पाकासाठी प्रसिद्ध. एक छोटी बाटली घेतली, म्हणजे वजन वाढवलं. चूक कबूल.

२:२०. सॅलिसबरी व्हायाडक्ट. लांबी १,९०८ फूट, उंची १०१ फूट. खाली कॅसलमन नदी, हमरस्ता आणि चालू रेल्वे, तिन्ही. लांब डोंगरावर पवनचक्क्या. पुलावर वारा समोरून, चांगला दणकून.

आणि खालून मालगाडी आली. आधी घरघर, मग इंजिनं, मग डबे, डबे, डबे. मामा कठड्याला टेकून मोजत राहिले. एकशे बाराव्या डब्यानंतर शेवटी पुन्हा इंजिन, मागून ढकलणारं. "बँकर!" ते ओरडले. पुलावरच्या एका बाई दचकल्या. मग त्यांना सांगावं लागलं की घाटात गाडीला मागून रेटायला जे इंजिन लावतात त्याला आम्ही बँकर म्हणतो. त्या हसून म्हणाल्या, इथे हेल्पर म्हणतात. एकाच डोंगरावर दोन रेल्वे कंपन्यांनी शेजारी-शेजारी दोन लाइनी टाकल्या होत्या. एक आपल्या चाकांखाली, दुसरी अजून चालू.

३:४५. रॉकवुड, मैल ४४ च्या अलीकडे. काहीतरी गडबड आहे. उतार आहे, नकाशा तसं सांगतो, नदी आमच्याच दिशेने वाहते. पण पायडल थांबवलं की सायकल थांबते. वेग ताशी १० मैल, तोही पाय मारून. पानांचा ओला थर आहे, वारा आहे, हे खरं. पण सगळा दोष वाऱ्यावर ढकलता येणार नाही.

४:१५. मैल ४८ च्या पुढे कुठेतरी. मामांच्या सायकलीतून टकटक. थांबलो. कॅरिअर डावीकडे कलंडलेला, पिशवी चाकाला घासतेय. खालचा डावा बोल्ट गायब. तोच, ज्याला थ्रेडलॉक लावायचं राहिलं होतं. मैलभर मागे जाऊन पानांत शोधण्यात अर्थ नव्हता. मोबाइलला रेंज नाही. पाच-सात मिनिटं माझी नुसती चिडचिड.

मग सुचलं: पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्टही पाच मिलिमीटरचेच असतात, पीच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, तेही तेच. माझ्या सायकलीचा एक काढला, बाटली मागच्या पिशवीत टाकली, बोल्ट कॅरिअरला बसला. थोडा आखूड, पण आटे पुरेसे धरले. वरून दोन झिप-टाय.

मामा बाजूला उभं राहून बघत होते. रागावले नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाले, "आमच्याकडे कीमन असतो. रोज आपल्या टप्प्यातली लाइन चालत जायची, हातात हातोडी. रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकायची. गाडी जाते, लाइन थरथरते, थरथरलं की सैल होतं. त्यात चूक कुणाची नसते. पण बघायला माणूस लागतो." मग माझ्याकडचा पाना घेतला आणि खिशात टाकला. "आता मी कीमन."

त्यानंतर दर पाच मैलांवर थांबून दोन्ही सायकलींचे आठही बोल्ट तपासले गेले. वेळ गेला. मी काही बोलले नाही.

५:१०. पिंकर्टन बोगदा, ८४९ फूट. इथे नदी मोठा फास मारून परत जवळ येते. रेल्वेने दोन पूल आणि एक बोगदा करून तो फास सरळ कापला. बरीच वर्षं बोगदा बंद होता आणि सायकलींना डोंगराला वळसा घालावा लागे. २०१५ मध्ये पुन्हा उघडला. आम्हाला वळसा आज अजिबात नको होता.

उजेड तिरपा झालाय. झाडांच्या सावल्यांत खड्डा कुठला आणि पान कुठलं, कळत नाही. जाकिटं परत अंगावर.

६:२०. कॉन्फ्लुअन्स. मैल ६२. कॅसलमन, यॉकागेनी आणि लॉरेल हिल क्रीक इथे मिळतात. तीन बोटांच्या पंजासारखं दिसतं म्हणून जुनं नाव टर्कीफूट, टर्कीचा पंजा. १७५४ मध्ये तरुण जॉर्ज वॉशिंग्टन इथून नदी होडीने जाण्याजोगी आहे का पाहायला निघाला होता आणि ओहायोपाइलच्या धबधब्याशी त्याची ती योजना संपली. आमची दहा तास तीस मिनिटांत पार पडली, ठरल्यापेक्षा अडीच तास उशिरा. सूर्य मावळायला पंधरा मिनिटं बाकी.

मामा जेवताना झोपले. अक्षरशः, हातात काटा धरून.

१५ ऑक्टोबर

सकाळी गुडघे ठीक, तळहात सुजल्यासारखे. मामा माझ्या आधी उठून नदीवर फिरून आले होते. सायकली पुसल्या. चेन राखाडी झालीय पण लुगदी नाही. मेणाने काम केलं. आखूड बोल्ट जागच्या जागी. दुपारी मामेबहीण मोटार घेऊन आली. मामा तिला गाडीत पहिल्यांदा काय म्हणाले, तर "एकशे बारा डबे."

१९ ऑक्टोबर

वेळापत्रक कुठे चुकलं याचा हिशोब. चढावर चुकलं नाही फारसं; तिथला उशीर थांब्यांचा. चुकलं उतारावर.

माथ्यापासून कॉन्फ्लुअन्सपर्यंत सरासरी उतार काढला तर अर्ध्या टक्क्याच्या जरासा वर. मेयर्सडेलपर्यंत बरा, पुढे त्याहून कमी. आता टायरचं बघू. ओल्या, पानांनी झाकलेल्या चुऱ्यावर चाक फिरवत ठेवायलाच वजनाच्या साधारण एक टक्का जोर लागतो, असं माझ्या नोंदींतून निघतं. उतार अर्धा टक्का देतो, जमीन एक टक्का घेते. म्हणजे त्या तीस मैलांत मी उतरत होते तरी पाय मारल्याशिवाय सुटका नव्हती. त्यात समोरचा वारा.

हा हिशोब मामांना दाखवला. ते म्हणाले, "मला आधी विचारायचं होतंस. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरायला टनाला दोन-अडीच किलो जोर पुरतो. म्हणून यार्डात एकास चारशेहून जास्त उतार चालत नाही, उभे डबे आपोआप पळायला लागतात. अर्धा टक्का म्हणजे एकास दोनशे. मालगाडीला ती घसरगुंडीच."

म्हणजे त्याच वाटेवर मालगाडी ब्रेक धरून खाली आली असती आणि मी पायडल मारत. नकाशावरची ती लांब निवांत रेघ रेल्वेच्या चाकासाठी निवांत होती.

पुढच्या वर्षीच्या कोष्टकात सुधारणा: अर्ध्या टक्क्याखालचा उतार सपाट धरायचा. पानं पडल्यावर ताशी १० मैल. मामा बरोबर असतील तर प्रत्येक पुलाला वीस मिनिटं आणि प्रत्येक बोगद्याला पंधरा. मालगाडी आली तर वेगळे.

२ नोव्हेंबर

नवी थ्रेडलॉकची बाटली आणली, निळी. आठही बोल्ट काढून, आटे पुसून, एकेक थेंब लावून परत बसवले. आखूड बोल्टाच्या जागी योग्य लांबीचा घातला.

मामांनी मामेबहिणीचं लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कॅरिअरच्या पट्टीवर एक बारीक रेघ ओढली. बोल्ट कणभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल, पाना लावायची गरज नाही. नातू म्हणाला, आजोबा सायकलला नेलपॉलिश लावतायत.

संध्याकाळी दोन्ही सायकली मुद्दाम खडबडीत वाटेने पाच मैल चालवून आणल्या. आठही रेघा अखंड. माझ्या बाटलीच्या पिंजऱ्याला मात्र अजून एक बोल्ट कमी आहे, आणि तो आखूडवाला आता सापडत नाहीये.